शिपाई, हमाल, जादूगार, काका

‘मॅश’ ही कोरियन युद्धातल्या एका फिरत्या लष्करी इस्पितळावरची अमेरिकी मालिका. १९७४ साली तिच्या एका भागात एक चिनी डॉक्टर येतो. १९७६ साली दक्षिण कोरियाचा एक मेजर येतो, १९७९ साली दक्षिण कोरियाचाच एक लेफ्टनंट आणि १९८० साली उत्तर कोरियाचा एक सैनिक. हे चौघेही एकाच नटानं केले आहेत. त्याचं नाव माको. तो चिनी नव्हता आणि कोरियनही नव्हता. १० डिसेंबर १९३३ला जपानमधल्या कोबे शहरात जन्मलेला तो माकोतो इवामात्सु. सहा वर्षांत चार वेळा तोच चेहरा वेगळ्या नावानं त्याच मालिकेत आला आणि मालिकेला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

परदेशात जाऊन सहायक भूमिका करणाऱ्या नटाची कारकीर्द कशी असते, हे मला या चार पाहुण्या भूमिकांत जेवढं लख्ख दिसतं, तेवढं पुरस्कारांच्या यादीत दिसत नाही.

मी त्याच्यापर्यंत पोचले ती मात्र कानानं. पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर मी काही वर्षं श्रुतिकांमध्ये कॅज्युअल आर्टिस्ट म्हणून कामं केली. त्या कामानं एक सवय लागते. समोर चित्र असलं तरी कान आधी जातो. घरात मुलं ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही कार्टून मालिका लावून बसली होती आणि मी स्वयंपाकघरात होते. संवाद नुसते कानावरून जात होते. बरेचसे आवाज टवटवीत, चटपटीत, वयानं लहान. मध्येच एक म्हातारा बोलायला लागला. घोगरा, थोडा खरखरीत आवाज, वाक्याच्या शेवटी अलगद खाली उतरणारा. चहाबद्दल काहीतरी सांगत होता. बोलण्याआधी त्यानं घेतलेला श्वास ऐकू आला, आणि त्या श्वासातच हसू होतं. माइकसमोर हसत बोलणं बऱ्याच जणांना जमतं. हसू फुटण्याच्या आधीचा श्वास फार थोड्यांना जमतो. मी हात पुसत बाहेर आले आणि भाग संपेपर्यंत तिथंच उभी राहिले. श्रेयनामावलीत नाव आलं: माको. पुढं आडनाव नाही.

त्या नावामागचं आयुष्य जसजसं कळत गेलं तशी मी त्याच्यात गुंतत गेले.

त्याचे आईवडील दोघंही चित्रकार आणि जपानी लष्करशाहीचे विरोधक. दोघांनीही त्यापायी तुरुंग भोगला. १९३९ साली ते अमेरिकेला निघाले तेव्हा माको पाच वर्षांचा होता. त्याला आजीकडे ठेवून ते गेले. मग महायुद्ध पेटलं. वडिलांनी अमेरिकी सरकारच्या युद्धमाहिती खात्यात काम धरलं आणि जपानी सैनिकांसाठी चित्रपत्रकं काढली: मरू नका, जगा, घरी परता, असं सांगणारी. या काळात त्यांनी ‘तारो याशिमा’ हे नाव घेतलं. मुलगा अजून जपानमध्ये होता, बापाचं खरं नाव कळलं तर पोरावर काय ओढवेल याची धास्ती होती. पुढं याच नावानं ते मुलांच्या पुस्तकांचे नामवंत लेखक-चित्रकार झाले. मुलगा आईवडिलांकडे अमेरिकेत पोचला १९४९ साली. मधे दहा वर्षं गेली होती. मागं ठेवलं होतं ते पाच वर्षांचं मूल आणि आला तो मिसरूड फुटण्याच्या वयातला मुलगा.

त्या वयात परक्या भाषेत पडलेल्या माणसाच्या बोलण्यात मूळ भाषेचा हेल राहतोच. माकोच्या इंग्रजीत तो शेवटपर्यंत राहिला. याच हेलावर त्याचं पोट चाललं. आणि याच हेलापायी किती भूमिका त्याच्यापर्यंत आल्याच नसतील, त्याचा हिशेब कोणी ठेवत नसतं.

न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये तो आर्किटेक्चर शिकायला गेला. एका मित्रानं छोट्या नाटकाच्या नेपथ्यासाठी मदतीला बोलावलं आणि पोरगा नाटकातच अडकला. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेच्या संघांत अशी कितीतरी माणसं भेटतात. सेट उचलायला म्हणून आलेला मुलगा दोन वर्षांनी मधल्या अंकात संवाद म्हणत असतो. माकोचं कॉलेज सुटलं, सैन्यात जावं लागलं, तिथून परतल्यावर कॅलिफोर्नियाच्या पॅसाडिना प्लेहाउसमध्ये तो रीतसर अभिनय शिकला. १९५६ साली अमेरिकेचा नागरिक झाला. १९५९ पासून पडद्यावर छोटी कामं मिळू लागली.

तो काळ कसला होता हे सांगायला एक उदाहरण पुरे. १९६१ सालच्या ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’मध्ये जपानी शेजाऱ्याची भूमिका मिकी रूनी या गोऱ्या नटानं खोटे दात लावून केली. म्हणजे पात्र जपानी असलं तरी काम जपानी नटाला मिळेलच असं नव्हतं. उरायचे ते शत्रूचे सैनिक, नोकर, आचारी. माकोनं तेच केले. ‘मॅकहेल्स नेव्ही’सारख्या विनोदी मालिकेत जपानी शिपाई झाला, बोलावलं तिथं गेला, पाठांतर चोख ठेवलं.

मग ‘द सँड पेबल्स’ आला. १९६६, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, नायक स्टीव्ह मॅक्वीन. काळ १९२६चा, यांगत्से नदीत गस्त घालणारी एक अमेरिकी गनबोट. मॅक्वीन त्यात इंजिन सांभाळणारा खलाशी आहे, जेक होल्मन. जहाजावरची अंगमेहनतीची कामं चिनी हमाल करतात. त्यांतला एक पो-हान, म्हणजे माको. कागदावर ही भूमिका काय होती? तुटकं इंग्रजी बोलणारा, साहेबाशी इमान राखणारा आणि चित्रपट संपण्याच्या बराच आधी मरणारा माणूस. आपल्या हिंदी सिनेमातल्या रामूकाकाचा चिनी भाऊ म्हणा.

होल्मन पो-हानला वाफेचं इंजिन समजावतो तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. दोघांमध्ये भाषा जेमतेम. वाफ जिवंत असते, ढकलते, काम करते, मग मरते, तिचं पाणी होतं. मोडक्या शब्दांत आणि हातवाऱ्यांनी हे एवढं सांगायचं आहे. शिकवणाऱ्याचं काम मॅक्वीन छानच करतो, पण माझी नजर शिकणाऱ्यावरून हलत नाही. आधी त्या चेहऱ्यावर हुकूम ऐकणाऱ्याची ताठ सावधता आहे. मग कुठंतरी आत काहीतरी जुळतं. आणि मग येतो तो आनंद. नवं यंत्र कळल्याचा तर तो आहेच, पण त्याहून मोठा आनंद आहे तो कोणीतरी आपल्याला कळण्याजोगा माणूस मानल्याचा. त्या तुटक्या इंग्रजीला हसायची सोय पटकथेत आहे. माको ती सोय प्रेक्षकाकडून काढून घेतो. शब्द तेच बोलतो, पण इतक्या गांभीर्यानं बोलतो की आपण हसू शकत नाही.

पुढं खलाशी पैजा लावतात आणि पो-हानला एका धिप्पाड खलाशाबरोबर मुष्टियुद्धाला उभं करतात. तो मार खातो, पडतो, उठतो आणि जिंकतो. त्यानंतर किनाऱ्यावर जमाव त्याला पकडतो आणि जहाजावरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत त्याचे हाल करतो. जहाज आणि किनारा यांच्यामध्ये पाणी आहे, त्या पाण्यावरून त्याची हाक येते: कोणीतरी मला मारून टाका. होल्मन बंदूक उचलतो. त्या हाकेत शब्द जवळजवळ विरघळून गेलेले आहेत, घसा तेवढा उरला आहे. चाळीस वर्षांनी कार्टूनमधल्या म्हाताऱ्याला मिळणार होता तो हाच घसा.

या कामासाठी माकोला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. पुरस्कार वॉल्टर मॅथाऊला गेला. तो गेला याचं मला फारसं दुःख नाही. दुःख पुढचं आहे. गोऱ्या नटाला असं नामांकन मिळालं की त्याच्याकडे येणाऱ्या भूमिका बदलतात, निदान मोठ्या होतात. ‘मॅश’मधले ते चौघे मी वर सांगितले ना, ते सगळे या नामांकनानंतरचे आहेत.

माकोवर लिहिताना लोक बहुधा म्हणतात की मिळालं त्याचं त्यानं सोनं केलं. हे वाक्य प्रेमानंच म्हटलं जातं, तरी मला ते पटत नाही. त्यात देणारा सुटून जातो. ज्यांनी त्याला वर्षानुवर्षं हमाल आणि शिपाई दिले, त्यांना या वाक्यात कुणी काही विचारतच नाही. आणि माको स्वतः मिळालं त्यावर थांबलेला माणूस नव्हता. पुरावा १९६५ सालचा आहे, म्हणजे ‘द सँड पेबल्स’ पडद्यावर येण्याच्याही आधीचा. त्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये नऊ आशियाई-अमेरिकी कलावंतांनी ‘ईस्ट वेस्ट प्लेयर्स’ ही नाटक कंपनी काढली. माको त्यांतला एक. जेम्स हाँग, बेउला क्वो, सून-टेक ओ हे त्याचे सोबती. सगळे पडद्यावर दोन-चार वाक्यांची कामं करणारे. पहिलं नाटक ‘राशोमोन’, जागा एका चर्चचं तळघर. सामुराई, त्याची बायको, दरोडेखोर, लाकूडतोड्या, सगळ्यांना तोंडभरून बोलायला मिळणारं नाटक. ज्यांना पडद्यावर ‘हो साहेब’ म्हणून बाहेर जावं लागायचं त्यांनी ते निवडलं, हे मला फार समजण्याजोगं वाटतं.

माको १९८९ पर्यंत या कंपनीचा कलादिग्दर्शक होता. जवळपास पाव शतक. ही खरी कारकीर्द, असं मी म्हणेन. सिनेमा-मालिकांतून घर चालायचं. कंपनीच्या रंगमंचावर उद्याचे नट आणि उद्याचे नाटककार तयार होत होते. नाटककारही, कारण नटांची फौज उभी करून भागणार नव्हतं. बोलायचं काय, हे लिहून देणारं कोणीतरी हवं होतं. वाकाको यामाउची ही लेखिका कथा लिहीत असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यांत ती होती. तिची ‘अँड द सोल शॅल डान्स’ ही कथा माकोच्या वाचनात आली आणि त्यानं तिला याचं नाटक कर म्हणून गळ घातली. ते नाटक १९७७ मध्ये याच कंपनीनं रंगमंचावर आणलं आणि यामाउची नाटककार झाली. सहायक भूमिका करणाऱ्या माणसानं दुसऱ्या कुणाच्या हातात मुख्य भूमिका ठेवली, याहून मोठं काम मला सुचत नाही.

त्या छावण्यांचा विषय त्यानं सोडला नाही. १९४२च्या आदेशानं सुमारे १ लाख २० हजार माणसं घरंदारं सोडून काटेरी तारांच्या आत गेली होती. १९८१ साली या अन्यायाची चौकशी करणाऱ्या आयोगापुढं साक्षी सुरू झाल्या, तेव्हा माकोनं कंपनीचा अख्खा नाट्यहंगाम याच विषयाला वाहून टाकला. तो स्वतः युद्धकाळात जपानमध्ये होता, छावणी त्याच्या वाट्याला आलेली नव्हती. तरी ज्यांच्या वाट्याला आली त्यांना ती रंगमंचावरून बोलता यावी असं त्याला वाटलं. भरपाईचा आणि माफीचा कायदा १९८८ मध्ये झाला, हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर. नाटकांमुळे कायदा झाला असं कुणी म्हणणार नाही. पण घराघरांत गिळून टाकलेली गोष्ट चारचौघांत मोठ्यानं बोलली जायला लागते, तेव्हा त्यात नाटकाचा वाटा असतो, हे आपल्या मराठी मुलखात वेगळं सांगायला नको.

ब्रॉडवेवर त्याला एकदाच मनासारखी जागा मिळाली असं मला वाटतं. १९७६, ‘पॅसिफिक ओव्हर्चर्स’, संगीत स्टीफन सॉन्डहाइम, दिग्दर्शन हॅरल्ड प्रिन्स. १८५३ मध्ये अमेरिकी नौदलाच्या बोटी जपानच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, ती हकिगत जपानी माणसांच्या बाजूनं, काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकाराच्या ढंगानं सांगणारं संगीत नाटक. नटसंच जवळजवळ पूर्ण आशियाई. माको त्यात निवेदक होता, आपण सूत्रधार म्हणू. तो कथा सांगतो, पात्रांच्या तोंडचं बोलतो, मध्येच स्वतः पात्र होतो. त्याच्या इंग्रजीतला तो हेल इथं कुणाला खटकायचं कारणच नव्हतं, गोष्टच त्या आवाजाची होती. टोनी या ब्रॉडवेच्या नाट्यपुरस्कारांत त्याला नामांकन मिळालं ते संगीत नाटकातल्या प्रमुख अभिनेत्याचं. १९३ प्रयोग होऊन नाटक बंद पडलं.

नंतरच्या पंचवीस-तीस वर्षांवरून मी भरभर जाते, कारण चित्रपटांची नुसती नावं घेऊन काही हाती लागत नाही. १९८२च्या ‘कोनान द बार्बेरियन’मध्ये तो जादूगार आहे आणि चित्रपटाचा निवेदकही, अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या आधी कानावर पडतो तो त्याचा आवाज. १९९४ मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर त्याच्या नावाचा तारा बसला. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’मध्ये तिबेटी उमराव, ‘पर्ल हार्बर’मध्ये ॲडमिरल यामामोतो, ‘मेमॉयर्स ऑफ अ गेइशा’मध्ये मुलींचा गरीब कोळी बाप. लष्करशाहीशी झगडलेल्या आईबापांचा मुलगा जपानी आरमाराचा सेनापती होऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल, हे मला त्याला विचारायला आवडलं असतं.

आणि मग सत्तरीच्या जवळ आल्यावर त्याचा आवाज अशा पोरांच्या घरात शिरला ज्यांनी त्याचा चेहरा कधी पाहिलेलाच नव्हता. २००१ मध्ये ‘सामुराई जॅक’ ही कार्टून मालिका सुरू झाली, तिच्यातला अकू हा राक्षस, नायक जॅकचा शत्रू, माकोनं केला. अकू गरजतो, खिदळतो, रुसतो. एका भागात तो लहान मुलांना गोळा करून परीकथा सांगत बसतो आणि प्रत्येक कथेत चांगला नायक तोच असतो. मुलं कंटाळतात, त्यांना जॅकच हवा असतो, आणि अकूचा पारा चढत जातो. त्या एका भागात माको जेवढ्या चाली बदलतो, जिथं लाडीगोडी लावतो आणि जिथं ती टाकून देतो, ते आवाजाचं काम करणाऱ्या कुणीही बसून ऐकावं असं आहे.

श्रुतिकेच्या ध्वनिमुद्रणात आम्ही संहितेची पानं सुटी करून घ्यायचो, वाचून झालेलं पान हलक्या हातानं बाजूला सरकवायचो, म्हणजे माइकला सळसळ लागत नाही. कुजबुजायचं असेल तर जवळ, हाक मारायची असेल तर तोंड वळवून मागं. एवढं तंत्र महिनाभरात येतं. न येणारी गोष्ट म्हणजे गप्प राहणं. माइकपुढं गप्प असलेला नट नुसता थांबलेला वाटू शकतो. माको गप्प असला की त्याचं पात्र विचार करताना ऐकू येतं. ‘अवतार’मधला तो चहावाला म्हातारा, आयरो, मला म्हणून सगळ्यांपेक्षा जवळचा.

आयरो हा एकेकाळचा सेनापती. बा सिंग से नावाच्या तटबंदीच्या शहराला त्यानं वेढा घातला होता, त्या वेढ्यात त्याचा एकुलता मुलगा मेला आणि त्यानं युद्ध टाकून दिलं. आता पुतण्या झुकोबरोबर तो त्याच शहरात निर्वासित म्हणून राहतो, चहा करतो. एका छोट्या कथेत तो दिवसभर गावातून फिरतो. रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून हसवतो. लुटायला आलेल्या चोराला उभं कसं राहावं ते शिकवतो आणि चहा पाजतो. संध्याकाळी टेकडीवर एका झाडाखाली मुलाची तसबीर मांडतो, कारण त्या दिवशी त्या मुलाचा वाढदिवस असतो. सकाळी पोराला हसवायला म्हटलेलं तेच गाणं तो पुन्हा म्हणतो. या वेळी आवाज ओळीच्या मध्येच फाटतो. रडण्याचा अभिनय करताना बहुतेक नट हुंदका आधी आणतात आणि शब्द नंतर. माको शब्द पुढं रेटत राहतो, सूर धरून ठेवायची धडपड करतो, आणि घसा त्याचं ऐकत नाही.

तो भाग २९ सप्टेंबर २००६ रोजी दाखवला गेला. माको त्याआधीच, २१ जुलैला, अन्ननलिकेच्या कर्करोगानं गेला होता. वय ७२. कथेच्या शेवटी पडद्यावर त्याला आदरांजलीची एक ओळ येते. तिसऱ्या हंगामातला आयरो ग्रेग बाल्डविन या नटानं पुढं नेला, पुढं २०१७ मध्ये अकूही त्यानंच केला. २०१२ साली ‘अवतार’च्या पुढच्या मालिकेत एका तरुण पात्राचं नाव माको ठेवलं गेलं, ते यालाच स्मरून.

लहानपणी आईबापांपासून दहा वर्षं तुटलेल्या माणसाच्या गळ्यातून मुलगा गमावलेल्या बापाचं गाणं आलं, ही जुळणी मला दिसते, पण तिच्यावर मी फार भार टाकणार नाही. तसं केलं तर ते त्याच्या नुसत्या दुःखाचं फळ ठरेल. त्यात पॅसाडिनाचं शिक्षण आहे, चर्चच्या तळघरातल्या तालमी आहेत, ब्रॉडवेचे १९३ प्रयोग आहेत आणि एक वाक्य मिळालं तरी ते नीट म्हणायची चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय आहे.

त्याच्यापर्यंत पोचायचं असेल तर ‘द सँड पेबल्स’पासून सुरुवात करा. तीन तासांचा आहे, वेळ काढून बसा, इंजिनरूममधले प्रसंग घाईत पाहू नका. मग ‘पॅसिफिक ओव्हर्चर्स’च्या मूळ नटसंचाचं ध्वनिमुद्रण ऐका, आणि त्यानंतर मुलांना शेजारी घेऊन आयरो. आणि लॉस एंजेलिसमध्ये राहणारं तुमचं कोणी असेल, तर त्यांना सांगा की ‘ईस्ट वेस्ट प्लेयर्स’ आजही नाटकं करते, लिटल टोकियोमध्ये तिचं नाट्यगृह आहे. तिथल्या एखाद्या नाटकाचं तिकीट काढा म्हणावं.